मालनमावशीनं शिकवलेली दुखणी

फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांच्या कानात बघत होते. पडद्यावर संगीताचं नाव होतं. संगीता म्हणजे मालनमावशीची एकुलती एक मुलगी, सांगलीजवळ माधवनगरला असते. ती सहसा दुपारी फोन करत नाही. मी उचलला. ती एवढंच म्हणाली, "ताई, आई गेली." आणि मी विचारलं, "कुठं?"

पलीकडून हुंदका ऐकू आला. पंधरा वर्षं मी मराठी माणसं तपासते आहे. 'गेले' हा शब्द मी स्वतः दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून कितीजणांना सांगितला असेल. कुणी 'गेलं' म्हटल्यावर कुठं म्हणून विचारायचं नसतं, एवढं मला ठाऊक आहे. तरी त्या दुपारी माझी मराठी एका झटक्यात पंधरा वर्षं मागं गेली. तेव्हा प्रत्येक शब्द माझ्यासाठी सुटा होता आणि त्याचा तेवढ्यापुरताच अर्थ होता. मावशी असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. "बाई, आजून कच्च्याच हायसा," म्हणाली असती.

तीन आठवडे झाले. मालनमावशीचं नाव कधी कुठं छापून आलेलं नाही. ती एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचर होती. केसपेपर देणं, नंबर पुकारणं, ड्रेसिंगचं साहित्य धुऊन ठेवणं आणि फरशी पुसणं, हे तिचं काम. सुया पाण्यात उकळून वापरायच्या तेव्हापासून ती तिथं होती. तिच्या हाताखालून किती डॉक्टर गेले, हे तिलाच माहीत. हाताखालून हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही.

माझं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, पण जन्म आणि वाढणं तमिळनाडूत. आमच्या भागातली किती तरी घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी, मुलुखभर पांगलेली आहेत. त्यातलंच आमचं एक. घरात आईवडील मराठी बोलायचे. पण ती मराठी चहा, भाकरी, अभ्यास आणि पाहुणे एवढ्यापुरती. आजारी पडलं की डॉक्टर तमिळ, औषधवाला तमिळ, बघायला येणारी शेजारीणही तमिळ. त्यामुळं आमची दुखणीही तमिळच असायची. बारावीनंतर मी साताऱ्याला आत्याकडं आले आणि पुढं डॉक्टर झाले, ते सगळं इंग्रजीतून. वॉर्डात मैत्रिणी पेशंटशी बोलायच्या, मी लिहून घ्यायचे. माझं काही अडतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग सक्तीच्या सेवेची ऑर्डर आली आणि मी एकटी डॉक्टर म्हणून कवठे महांकाळच्या पूर्वेला, पार हद्दीकडच्या एका गावात जाऊन बसले. गावाचं नाव लिहीत नाही. पुढं जे घडलं त्यात चूक माझी होती, गावाची नव्हे.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा समोर बसून म्हणाला, "डोळं आल्यात." मी पेन धरून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. डोळे आलेत, बरं, मग? एक बाई म्हणाली, "कंबर धरलीया." मी विचारलं, "कुणी?" बाहेरच्या बाकावर खसखस पिकली. एका दमेकरी पैलवानाला मी अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही दम भरता का?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "न्हाई ओ बाई, मी कुनाला कशाला दम भरू?" डोळे, येणं, कंबर, धरणं, दम, भरणं… यातला एकेक शब्द मला येत होता. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या शेजारी बसला की त्या दोघांचं मिळून काय होतं, ते येत नव्हतं. शब्दकोशात पाहावं तर तिथं शब्द एकेकटे.

लोक हसायचे आणि विसरून जायचे. मला हसू यायचं नाही. सकाळी केंद्राच्या दारात माणसं जमलेली दिसली की चहा तसाच निवून जायचा. मुलुखाची हवा कोरडी, माणसं गरीब, पण बोलायला मोठी हौशी. एकेक जण दुखणं असं सांगायचा की जणू ते त्यानं स्वतः घडवून आणलंय. मी त्यातला ओळखीचा एखादा शब्द पकडायचे, बाकीचं सोडून द्यायचे. जे सोडलं त्यात काय होतं, याची भीती वाटायची. ती मी कुणाला सांगितली नव्हती. मावशी अधूनमधून मध्ये पडायची. "डोळं लाल झाल्यात म्हनत्यात ते," असं तुटक सांगून निघून जायची. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, दातांना सतत मिश्री. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, हे मला दिसत होतं. असायचं कारणही नव्हतं.

तो दिवस बाजाराचा होता. जोंधळ्याची काढणी चालू होती, तरी गर्दी व्हरांड्याच्या बाहेर गेलेली. नर्स प्रशिक्षणाला गेलेल्या, औषध देणारा रजेवर, म्हणून मावशी औषधाच्या खिडकीत. बारा वाजायच्या सुमारास सुनंदा आली. बावीस-तेवीस वर्षांची, आठवा महिना, सोबत सासू. तिची तपासणी तीन आठवड्यांपूर्वी झाली होती आणि कार्डावर सगळं नीट लिहिलेलं होतं. ती म्हणाली, "डोस्कं ठणकतंय दोन दिस झालं. आन् डोळ्यापुढं काजवं चमकत्यात."

डोकं मला कळलं. काजवा हा शब्दही मला माहीत होता, अंधारात उडणारा किडा. मला वाटलं, ही तिच्या वस्तीवरच्या काजव्यांचं काही सांगते आहे. मी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "हो का? छान दिसत असतील."

सुनंदानं सासूकडं पाहिलं. सासूनं माझ्याकडं पाहिलं. मी डोकेदुखीची गोळी लिहिली आणि पुढचा नंबर बोलावला. रक्तदाब मोजायला हवा होता. आठव्या महिन्याची बाई डोकं दुखतं म्हणून आली की पहिलं काम तेच. गर्दी होती, कार्ड नीट होतं, पायावरची सूज साडीखाली झाकलेली होती… ही कारणं मी स्वतःला पंधरा वर्षं सांगून पाहिली आहेत. एकही टिकत नाही.

थोड्या वेळानं मावशी औषधाची खिडकी तशीच टाकून माझ्या खोलीत आली. एरवी ती पेशंटसमोर एखादं तुटक वाक्य टाकून निघून जायची. त्या दिवशी टेबलाशीच उभी राहिली. "बाई, ती सुनंदा तुमाला काय म्हनली? नुस्ती डोस्क्याची गोळी दिलीसा?"

मी सांगितलं. थोडं हसूनच सांगितलं असेन. मावशीचा चेहरा एकदम उतरला. "आवं बाई," ती म्हणाली, "काजवं भाईर न्हाईत. तिच्या डोळ्यात हायत."

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. इंग्रजी पुस्तकातलं ते पान, त्यावरची चौकट, चौकटीतली धोक्याच्या लक्षणांची यादी, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, डोकेदुखी, डोळ्यांपुढं चमकणारे ठिपके. आणि त्यानंतर झटके. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते. मी खुर्चीतून उठेपर्यंत मावशी रस्त्यावर पोहोचली होती. तिची एक चप्पल उंबऱ्याजवळच राहिली होती.

फाटा तिथून चारशे-पाचशे पावलांवर. एसटी निघायच्या बेतात होती आणि सुनंदा सासूबरोबर आत चढलेली. पन्नाशी ओलांडलेली ती बाई एका पायात चप्पल घालून एसटीच्या पुढं हात पसरून उभी राहिली. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन मागनं धावत गेले. दुसऱ्या सीटवर सुनंदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या, पण गाडीच्या घरघरीत ठोके ऐकू येईनात. ड्रायव्हरनं माझ्याकडं वळून पाहिलं आणि कुणी न सांगता इंजिन बंद केलं. सगळी एसटी गप्प झाली. त्या शांततेत मी वरचा आकडा ऐकला. एकशे नव्वद.

ड्रायव्हरनं एसटी तशीच मागं घेऊन केंद्राच्या दारात लावली. आम्ही सुनंदाला आत घेतलं. मी मॅग्नेशियमचं इंजेक्शन भरत असतानाच तिची नजर वर फिरली, दातखीळ बसली आणि सगळं अंग ताठ होऊन झटके यायला लागले. मी पुस्तकाबाहेर असं काही पहिल्यांदाच बघत होते. सुई माझ्या हातात होती आणि हात माझा नव्हता. "टोचा बाई," मावशी सुनंदाला एका कुशीवर धरून म्हणाली. ओरडली नाही, दाराशी कुणाला नंबर सांगावा तशी म्हणाली. "मी धरलीया. टोचा."

मी टोचलं. झटका थांबला. केंद्राच्या गाडीतून आम्ही सांगलीला निघालो. पुढं ड्रायव्हरशेजारी सासू, मागं सुनंदा, मावशी आणि मी. रस्ता तेव्हा खराब होता, तासाभराच्या वर लागायचा. सुनंदा गुंगीत होती. तिचा श्वास मोजत राहायचा, गुडघ्यावर हलकं मारून पाय उडतो का बघायचं, एवढंच माझं काम होतं. ते औषध जास्त झालं तर श्वासच थांबवतं. मी मोजायला सुरुवात करायचे आणि सातआठवर विसरून जायचे. पुन्हा एकपासून. माझे दात वाजत होते आणि बाहेर रणरणतं ऊन होतं.

मावशीनं सुनंदाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय हुतंय बाई तुमाला?"

"भीती वाटतेय," मी म्हणाले. एवढंच वाक्य मला येत होतं.

"नुस्ती वाटतीया, का आनि काय? हाताकडं बगा."

"हात… थरथरतोय."

"कापरं भरलंय म्हना."

मला वाटलं, या बाईला वेड लागलंय. पण तिची नजर हटेना. "कापरं भरलंय," मी म्हणाले.

"घाम?"

"येतोय."

"येतो तो उन्नात. ह्यो फुटलाय. पोटात काय हुतंय?"

ते मला सांगता येईना. "गोळा आलाय म्हना. आन् तोंडाला?"

"कोरड पडलीय." हे मला येत होतं. मला एवढं बरं वाटलं की रडूच आलं.

"हां. छातीत धडकी भरलीया. पाय गळाल्यात. बोबडी वळलीया, ती मला ऐकूच यतीया…" ती एकेक सांगत गेली, मी तिच्या मागं म्हणत गेले. मध्येच ती थांबून विचारायची, "किती मोजलं?" आणि मी आकडा सांगायचे. कधी तरी माझ्या लक्षात आलं, की मी आता मिनिट पूर्ण होईपर्यंत मोजते आहे. भीती गेली नव्हती. पण सगळ्या गाडीत भरून राहिलेली ती भीती आता हातात वेगळी होती, पोटात वेगळी, जिभेवर वेगळी. एकेका जागी बसलेली. मिरज दिसायला लागल्यावर मावशी म्हणाली, "भीतीला लय शब्द हायत, बाई. उगं न्हाई झालं एवढं. आपल्या आदी लय लोकं भ्याल्यात."

सांगलीत सुनंदाचं सिझेरियन झालं. मुलगी झाली, दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवली. पण सुनंदाला शुद्ध आली तेव्हा तिला दिसत नव्हतं. लेकीला तिच्या गालाशी नेलं तर ती हातानं चाचपत होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेक परत येईल दृष्टी. बहुतेक. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही, मावशीनं शिकवलेल्या एवढ्या शब्दांतूनही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला खिडकीचा उजेड कळला, संध्याकाळपर्यंत माणसं ओळखू आली. महिन्याभरानं मायलेकी घरी गेल्या.

मी सासूची माफी मागितली. ती बाई म्हणाली, "तुमाला आमची बोली उमगत न्हाई, हे ठावं हुतं की आमाला. आमीच सोपं बोलाय पायजे हुतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परत येताना मी ते मावशीला सांगितलं, तर ती फटकन म्हणाली, "आसं आसतंय व्हय? ज्याचं दुखतंय त्येनंच सोपं बोलायचं?" तिनं मला एकदाही 'असू दे' म्हटलं नाही. मी राजीनामा लिहिला होता. तो मी तिला दाखवला, तिला गोळ्यांच्या नावांपलीकडं वाचता येत नव्हतं तरी. "जावा की," ती म्हणाली. "दुसरी यील. ती बी इंग्रजीच शिकून यील. तिला मी पैल्यापास्नं कुटं शिकवत बसू?"

मग आमची शाळा सुरू झाली. चार वाजता काम उरकलं की केंद्राच्या पायरीवर. ती शब्द टाकायची, मी त्याचा जोडीदार सांगायचे. थंडी? वाजते. उचकी? लागते. मुंग्या? येतात. मान? आखडते. पाय? मुरगळतो. घसा? खवखवतो. गोळा पायात आला तर चोळायचं, पोटात आला तर आधी माणसाला बसवून पाणी द्यायचं, कारण तो बहुतेक भीतीचा असतो. 'कळ' एकदा येऊन जाते. 'कळा' यायला लागल्या तर बाळंतपणाची तयारी करायची. एका कान्याचा फरक, पण त्या कान्यात अख्खं बाळ असतं. 'दिवस गेले' म्हणजे बाई गरोदर आहे, 'दिवस भरले' म्हणजे बाळंत होऊ घातलीय, आणि 'दिवस घातले' म्हणजे माणूस जाऊन त्याचं क्रियाकर्मही झालं. एकच शब्द, शेजार बदलला की जन्मापासून मरणापर्यंत जातो. मी तिला विचारलं, तू हे कुठं शिकलीस? तिला प्रश्नच कळला नाही. तिचे वडील मेंढरं राखायचे. लहानपण सगळं कळपामागं गेलं. ती म्हणायची, "मेंढराला सांगता येत न्हाई. नुस्तं बगून वळकाय लागतंय. मानूस सांगतंय, तर ऐकाय नगं?"

मास्तरीण म्हणून ती वाईट होती. चुकलं की उसासा टाकायची, दोनदा चुकलं की उठून जायची. तिचा सगळ्यात राग 'टेन्शन'वर. कुणी म्हणालं, टेन्शन आलंय, की ती दारातनंच ओरडायची, "कुटनं आलंय? नीट सांग, झोप लागंना का भूक लागंना?" आणि गंमत अशी, की माणसं खरंच नीट सांगायची. एका तरण्याताठ्या शेतकऱ्यानं असंच तिच्या दटावणीला भिऊन टेन्शनचं नीट सांगितलं, "छाती भरून यतीया, डाव्या हातापतूर." त्यालाही आम्ही वेळेत मिरजेला पोचवलं.

मी तिथं एका वर्षासाठी गेले होते, साडेतीन वर्षं राहिले. पुढं साताऱ्यात दवाखाना टाकला. मावशी निवृत्त झाली, मग संगीताकडं माधवनगरला राहायला आली. महिन्यातून एखादा फोन व्हायचा. नवा शब्द मिळाला की ती मुद्दाम लावायची. "तासगावच्या एक बाई भेटल्या, म्हनल्या टाचंत खिळा रुततोय. तुमी काय द्याल?" मी सांगायचे. ती "हं" म्हणायची. ते "हं" मला अजून परीक्षेच्या निकालासारखं वाटायचं.

शेवटची भेट मार्गशीर्षातली. सांगलीत एका लग्नाला गेले होते, तिथून माधवनगरला डोकावले. जुन्या गिरणीच्या मागच्या आळीत संगीताचं घर आहे. मावशी दाराशी खुर्चीत उन्हाला बसली होती. मला पाहून उठायला लागली आणि पुन्हा बसली. साडी अंगावर लोंबत होती. चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. मी तिथंच तिचं मनगट धरलं. "काय होतंय मावशी?"

"काय न्हाई. दुखतंय जरा."

"कुठं?"

"पोटात."

"कसं दुखतं?"

"दुखतंय," ती म्हणाली. "दुखाय काय, वय झालं."

मी वाट पाहिली. उन्हात तिचे डोळे पिवळट दिसतात की काय, असं वाटलं, पण भिंतीचा रंगही पिवळा होता. बेंबीच्या बाजूनं, खुपतंय, टोचतंय, मुरडा येतोय, आग पडतीय… यातलं तिनं काहीच म्हटलं नाही. अख्ख्या तालुक्याच्या दुखण्यांना नावं देणारी बाई माझ्यासमोर बसून नुसतं 'दुखतंय' म्हणत होती. मी म्हणाले, उद्याच्या उद्या साताऱ्याला चल, सोनोग्राफी करू. "संक्रांत हूं द्या," ती म्हणाली, "मग यते. संगीची सासू यायची हाय." आणि तिनं विषय बदलला. सुनंदाची मुलगी नववीत गेली, गणितात हुशार आहे, हे सांगत बसली. मी तिच्या गोष्टी ऐकल्या, चहा प्यायले आणि संध्याकाळच्या आत घरी परतले. मला मान्य करायला हवं, मी घाई केली. तिनं 'संक्रांत' म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. जे कळेल त्याची मला भीती वाटत होती, आणि तिनं मला ते न कळण्याची सवलत दिली होती. मी ती घेतली.

संक्रांतीनंतर मी फोन केला तर संगीता म्हणाली, आई बाहेर गेलीय. दुसऱ्यांदा केला तर झोपलीय. तिसऱ्यांदा मावशी स्वतः बोलली, आवाज बारीक, पण हसली. त्यानंतर तो दुपारचा फोन…

मी माधवनगरला गेले तेव्हा दिवस घालून झाले होते. पाहुणे पांगलेले. संगीतानं फाइल माझ्या पुढं ठेवली. स्वादुपिंडाचा कर्करोग. मार्गशीर्षातच निदान झालेलं. मी ज्या दिवशी उन्हात तिच्यासमोर बसले होते, त्याच्या आठ दिवस आधीची तारीख होती रिपोर्टवर. तोवर तो सगळीकडं पसरला होता. मी एकेक पान उलटलं. माझ्या हातून काही झालं असतं का? नसतं. हे मला डॉक्टर म्हणून कळतं. पण मी संगीताला विचारलं, "तुला ती काय सांगायची? काय होतंय म्हणायची?"

संगीता भांडी पुसत होती, ती थांबली. "म्हणायची, कुणीतरी आत धुणं पिळतंय. कळ पाठीतून आरपार जाते, भाल्यागत. वाकून बसलं की जरा ओसरते."

पुस्तकात हे असंच असतं. वरच्या पोटात, पाठीपर्यंत आरपार, पुढं वाकल्यावर कमी. यातलं अर्धं वाक्य त्या दिवशी माझ्या कानावर पडलं असतं, तरी मी तिला उचलून गाडीत घातलं असतं. "मला का नाही गं सांगितलं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण आतल्या खोलीतून संगीताचा नवरा डोकावून गेला.

"मी म्हटलं होतं तिला," संगीता म्हणाली. "बाईंना खरं सांग म्हणून. तर म्हणाली, 'त्यास्नी एक शब्द बरोबर सांगितला, तर त्या फुडचं सगळं वळकत्यात. मीच शिकवलंय. मग घाबरत्यात. लय भित्र्या हायत बाई. कशाला त्यास्नी…'" संगीतानं हातातला पेला खाली ठेवला. "तुम्ही गेल्यावर ती रडली, ताई. दुखत होतं म्हणून नव्हे. म्हणाली, 'दुखतंय म्हनाय मला किती जड गेलं, तुला न्हाई कळायचं.'"

…साताऱ्याला परतताना मी गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. तिसरा नंबर एका वयस्क शेतकऱ्याचा होता. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "काय न्हाई. दुखतंय जरा." मागं दाराशी त्याची सून उभी होती. एरवी मी कुठं, कधीपासून, असं विचारत गेले असते. पण पेन टेबलावर ठेवलं. त्याला म्हणाले, "मला सांगू नका. घरी काय म्हणून सांगता, ते सांगा." तो जमिनीकडं बघायला लागला. तेव्हापासून मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारते. काहीजण हसतात, काही चिडतात. तो मात्र मांडीवरची टोपी फिरवत राहिला. मग मी मान वर करून सुनेकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सासऱ्याच्या पाठीकडं बघत होती, तोंड उघडत होती आणि मिटत होती. बाहेर बाकावर माणसं खोकत होती, नंबर पुकारणारी मुलगी दोनदा आत डोकावून गेली. ती सांगेल की नाही, याची मला भीती वाटत होती. काय सांगेल, याची त्याहून जास्त. मी टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले आणि थांबले.